बोनेटवरचा हळदीचा हात

मित्रांनो, कळमनुरीच्या बस स्टँडसमोर एका मोठ्या कडुलिंबाखाली लाल जीप उभी असते. तिच्या बोनेटवर, चालकाच्या बाजूला, तळहाताएवढी विटकरी खूण आहे. पाच बोटं, आणि त्यातली करंगळी जरा वाकडी. येणारे-जाणारे तिला डाग समजतात. तो डाग नव्हे, तो मी. मी एक जुना ऑइलपेंट आहे. एके काळी त्या अख्ख्या जीपवर मी पसरलेला होतो, आता एवढासा उरलो आहे. माझ्या चहूबाजूंनी जो लखलखतो आहे तो दुसरा. त्याचं नाव निघालं की आजही माझा जळफळाट होतो. तो का होतो, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा कारखाना कोणता, गाव कोणतं, मला ठाऊक नाही. डब्याचं झाकण घट्ट लावलेलं असल्यावर काय दिसणार? मी पहिला उजेड पाहिला तो खाजा मियांच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांनी स्क्रूड्रायव्हरनं झाकण उचकटलं, माझ्यावर धरलेली साय काडीनं अलगद बाजूला केली आणि मला ढवळत म्हणाले, "वा! खून जैसा लाल आहे रे तू!" आयुष्यातलं पहिलं कौतुक असं विसरता येत नाही.

ते त्र्याण्णव साल असावं. हिंगोलीचा अजून वेगळा जिल्हा झाला नव्हता, गाड्यांवर परभणीचे नंबर असत. संपतराव नावाच्या माणसानं लिलावातली एक जुनी हिरवी जीप घेतली होती. माणसं नेआण करून पोट भरायचं, असा त्यांचा विचार. जीप त्यांच्या नावावर होती, पण ती खरी यशोदाबाईंची, त्यांच्या घरच्या मालकिणीची. त्यांनी कोकरापासून वाढवलेल्या शेळ्यामेंढ्यांचा सगळा कळप विकून ती घेतली होती. कळप गेला त्या दिवशी त्या रिकाम्या वाड्यातल्या खुंट्याला धरून उभ्या राहिल्या होत्या म्हणे.

खाजा मियांकडे तेव्हा फवारायचं यंत्र नव्हतं. असतं तरी वीज कुठं होती? त्यांनी मला ब्रशनंच मारलं. हात मात्र असा, की ब्रशची एक रेघ दिसेल तर शपथ. संध्याकाळी काम उरकल्यावर संपतरावांना त्यांनी बजावून सांगितलं, "हा रंग आरामात वाळतो. बोट लावू नका. तान्हं लेकरू समजा."

ही माझी जात. मी सावकाश वाळतो. वरून सुकलेला दिसतो, आत मऊच असतो. आणि नेमकं इथंच घडायचं ते घडलं.

यशोदाबाईंचा एक नेम होता. सकाळी अंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायचं, उंबऱ्याला हळदकुंकू वाहायचं आणि ज्याच्यावर घर चालतं त्याच्यावर हळदीचा ओला हात उमटवायचा. हे झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोटसुद्धा नाही. कळप होता तोवर तो हात वाड्याच्या खुंट्यावर उमटायचा. आता घर जीपवर चालणार होतं आणि जीप तर खाजा मियांच्या शेडमध्ये. म्हणून त्या बाई ताम्हनात हळद कालवून, पदर डोक्यावर घेऊन, उजाडता उजाडता तिथं हजर झाल्या. डोळे मिटले, नागनाथाचं नाव घेतलं आणि उजवा हात माझ्यावर दाबला.

"अगं बाई! हा तं ओलाच हाय!"

खाजा मियांच्या घरच्या, जाहेदा, अंगण झाडत होत्या. खराटा टाकून धावत आल्या. "या अल्ला! यशोदाबाई, काहून लावला हात? काल सांजंलाच तर मारलाय रंग!"

"मला काय म्हाईत बाई? वरून तं सुकलेला दिसून राहिला!"

त्यांचा तळवा लाल-पिवळा झाला होता आणि माझ्यावर पाच बोटं रुतली होती. त्यांची करंगळी लहानपणी रहाटात सापडून वाकडी झालेली. तीही तशीच्या तशी उमटली. यशोदाबाई रडकुंडीला आल्या, रॉकेलचा बोळा मागू लागल्या. आवाज ऐकून खाजा मिया बाहेर आले. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग हसले.

"भाभी, रॉकेल लावलं तर तमाम बोनेट खराब होईल. वाळू द्या. मग घासून परत मारतो."

पण संपतरावांनी ते घासू दिलं नाही. म्हणाले, "राहू द्या खाजा मिया. दिवाळीला आमच्या दारात लक्ष्मीची पावलं काढत्यात. आमच्या गाडीवर तिचा हात उमटला म्हणायचं."

तेवढ्यावर त्या खुणेला माझ्या अंगावर कायमची जागा मिळाली. मी वाळलो, कडक झालो. आतली हळद उन्हानं हळूहळू उडाली, खळगा तेवढा राहिला. आणि रोज सकाळी यशोदाबाईंचा हात त्याच खळग्यात बराबर येऊन बसू लागला.

तुम्ही म्हणाल, केवढं भाग्य! मला मात्र तेव्हा तसं वाटत नव्हतं. का, ते ऐका.

स्टँडवर आमच्या शेजारी बाबूसिंग आडतवाल्यांची काळी मोटार उभी राहायची. तिच्यावर लॅकर होता. नांदेडहून मारून आणलेला, तोही फवारून! मी वाळायला रात्र घेतो, दिवस घेतो. तो चहा पिऊन होईस्तोवर वाळतो म्हणे. मग त्याला पॉलिश लावून मऊ फडक्यानं घासतात, आणि तो असा आरसा होतो की त्याच्यात लिंबाचं पान न् पान मोजावं. मी माझ्या अंगानं चमकायचो, नाही असं नाही. पण माझी चमक तेलकट, लग्नात नवरदेवाच्या भावाला तेल लावल्यासारखी. त्याची चमक खोल, विहिरीतल्या पाण्यासारखी. मी त्याच्याकडे बघत राहायचो आणि आतल्या आत जळायचो.

त्यात बाबूसिंगांची जीभ. एकदा पान चघळत ते आमच्या बोनेटजवळ आले. "संपतराव, दारं-खिडक्यांना लावायचा रंग गाडीला मारला काय हो? आन् हे काय? कुणी मुस्काटात मारली का गाडीच्या?"

सगळा स्टँड हसला. संपतरावही हसले. "व्हय, घरच्या लक्ष्मीनं मारली. म्हणून तं सरळ चालून राहिली!"

पुन्हा सगळे हसले. मला मात्र ते हसू झोंबलं. मला वाटे, या हातामुळे माझी शोभा झाली. हा हात नसता तर मीही सपाट, गुळगुळीत, बघण्याजोगा असतो. रोज सकाळी यशोदाबाई ताम्हन घेऊन येताना दिसल्या की मी मनात म्हणायचो, आज तरी विसरा. पण एकादशी असो, चतुर्थी असो, अंगात ताप असो, ती बाई विसरली नाही.

एकदा पेट्रोल भरताना बाबूसिंगांच्या मोटारीवर चार थेंब सांडले. पुसेपुसेस्तोवर त्या दिमाखदार काळ्या लॅकरवर पांढुरके डाग पडले. लॅकरला पेट्रोल सोसत नाही, रंग पातळ करायचा थिनर तर त्याहून नाही. वाळला तरी तो पुन्हा विरघळतो. माझ्यावर पेट्रोल सांडतच असे. फडकं फिरवलं की झालं. त्या दिवशी मला पंगतीत पोटभर जेवल्यासारखं वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी त्याला पॉलिश झालं, तो पुन्हा चकाकला, आणि मी पुन्हा जळू लागलो.

दर दसऱ्याला खाजा मिया माझा डबा उघडत आणि जीपला माझाच एक नवा थर देत. बोनेटपाशी आले की यशोदाबाई पुढं होत.

"भाऊ, हात तेवढा सोडून मारा. माझा नेम हाय त्याच्यावर."

"सोडतो भाभी. तुमच्या हातावर ब्रश फिरवीन तर जाहेदा मला घरात घेईल का?"

मग ते बारीक ब्रश घेऊन, जीभ दातात धरून, बोटाबोटाच्या कडेनं रंग भरत. सगळ्या जीपवर मी दरसाल नवा होत गेलो, त्या हातात मात्र पहिल्या वर्षाचा जुनाच राहिलो. दगडासारखा घट्ट. ही गोष्ट ध्यानात ठेवा, मित्रांनो. पुढं तिचं काम आहे.

वर्षं गेली. हिंगोली जिल्हा झाला, रस्ते रुंद झाले, आणि बाबूसिंगांनी काळी मोटार काढून नवी चंदेरी गाडी आणली. तिचा रंग पाहिला आणि मला लॅकरसुद्धा गरीब वाटू लागला. मेटॅलिक म्हणतात त्याला. रंगाच्या आत चांदीचा चुरा पेरल्यासारखे कण, आणि त्याच्यावर पाण्यासारखा स्वच्छ पारदर्शक थर. ऊन पडलं की तो नुसता चमकत नसे, चुरचुर बोलत असे. आमच्या जीपमध्ये बसायला आलेल्या कॉलेजच्या पोरी आधी त्या गाडीत बघून केस सारखे करीत आणि मग आमच्याकडे येत. येताना ओढणी सांभाळून येत. कारण तोवर उन्हानं माझी भुकटी होऊ लागली होती. मला कुणी टेकलं की कपड्याला लाली लागायची. संपतरावांच्या पांढऱ्या सदऱ्याची कोपरं कायम गुलाबी असत. प्रवासी किल्लीनं माझ्यावर नावं कोरीत. पावसाळ्यातला चिखल उन्हाळ्यापर्यंत तसाच अंगावर राही.

एकदा चंदेरी गाडीच्या दारावर बाभळीच्या काट्यानं ओरखडा उठला. बाबूसिंग ती घेऊन खाजा मियांकडे गेले. आमची जीप तिथंच होती, म्हणून मी सगळं ऐकलं. खाजा मियांनी ओरखड्यावर बोट फिरवलं.

"सेठ, एवढाच तुकडा मारता येत न्हाई. यातले कण जसे पडतील तसे पडतात. तुकडा मारला की ठिगळ दिसतं. पूर्ण दार मारावं लागंल, आन् वरून पारदर्शक थर."

"एवढ्याशा ओरखड्याला पूर्ण दार? अन् त्या जीपला तर तू उभ्या उभ्या ब्रश मारतो."

"ते ऑइलपेंट आहे सेठ. ते रुसत न्हाई."

दुसरा कुणी असता तर हे ऐकून सुखावला असता. मी नाही सुखावलो. मला वाटलं, ज्याचे एवढे नखरे सोसतात त्याच्यात काहीतरी असणारच. जो रुसत नाही त्याला कोण विचारतं?

असा मी जळत असताना एक दसरा आला. खाजा मियांनी जाड थर दिला, हात सोडून. थोडेच दिवस झाले होते, नवा थर आतून अजून कोवळा होता. आठवडी बाजाराच्या दिवशी भर दुपारी संपतराव जीप लिंबाखाली लावून चहाला गेले. किल्ली गाडीतच. ती कायम गाडीतच असे. "हाताची गाडी" म्हणून सगळा तालुका जिला ओळखतो ती कोण नेणार, असा त्यांचा हिशोब. तेवढ्यात एक माणूस आला, आपलीच असल्यासारखा आत बसला आणि जीप घेऊन गेला. कुणी अडवलं नाही. लोकांना वाटलं, पाहुणा असेल.

दूर कुठल्याशा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, एका गोठ्याच्या आडोशाला त्यानं जीप उभी केली. नंबरप्लेट बदलली, इंजिनवरचा नंबर कानशीनं घासला आणि फवारायचं यंत्र काढलं. खरं सांगतो, तो डबा उघडताच आलेला वास मी ओळखला. लॅकर! ज्याच्यासाठी इतकी वर्षं झुरलो तो माझ्या अंगावर येत होता. चोर घाईत होता, त्याला लगेच वाळणारा रंगच हवा होता. त्यानं मला घासलं नाही, अस्तर लावलं नाही, तसाच राखाडी लॅकर फवारला. माझ्या मनात आलं, आता बघा म्हणावं बाबूसिंगांना!

ते सुख फार टिकलं नाही. लॅकरमध्ये जबर थिनर असतो. तो माझ्या कोवळ्या थरात शिरला आणि मी फुगू लागलो. तव्यावरच्या पापडासारखा ठिकठिकाणी उठलो, तापलेल्या दुधाच्या सायीसारखा आकसलो. बोनेट, दारं, मडगार्ड, सगळीकडे सुरकुत्याच सुरकुत्या. चोरानं शिवी हासडून वरून आणखी एक हात मारला. सुरकुत्या आणखी वाढल्या. सपाट राहिलं ते एकच ठिकाण. तो हात. तिथं मी जुना होतो, थिनरला दाद दिली नाही.

जीप पुढं कुरुंद्याच्या शिवहार नावाच्या शेतकऱ्याकडे गेली. माणूस भला. गोड बोलणाऱ्या दलालाकडून, कागद बघून, त्यानं ती रीतसर घेतली होती. तो तिच्यात हळदीच्या गोण्या वाहायचा. गावातली माणसं त्याला चिडवायची, "शिवहार, गाडीला देवी आल्या की काय रे? लिंबाचा पाला बांध!"

तिथं मला दिवसभर हळदीचा वास यायचा. शिजणाऱ्या हळदीचा, वाळणाऱ्या हळदीचा, घोळून गोणीत भरलेल्या हळदीचा. सगळ्या जीपवर तिची धूळ बसायची. सकाळी कोवळं ऊन आलं की मी वाट बघू लागायचो. कुणाची, ते माझं मलाच कळत नसे. हळद इतकी होती, मित्रांनो, पण हात नव्हता.

चिडवण्याला कंटाळून शिवहारनं शेवटी विचारलं, या भागात रंगाचं काम चांगलं कोण करतं? लोकांनी सांगितलं, कळमनुरीचे खाजा मिया. आणि एका सकाळी जीप पुन्हा त्याच शेडमध्ये येऊन उभी राहिली.

खाजा मिया म्हातारे झाले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांनी हात फिरवला आणि च्-च् केलं. "कुणी मारला हा? ऑइलपेंटवर लॅकर? खालच्याला खाऊन टाकलं त्यानं. आता सगळं पार पत्र्यापर्यंत खरवडावं लागंल."

"काय करायचं ते करा चाचा, पण हे देवीचं तोंड बदला," शिवहार म्हणाला.

खाजा मियांनी मला ओळखलं नाही! ज्या हातांनी मला डब्यातून काढलं तेच हात खरवडायची पत्री घेऊन मला सोलू लागले. आधी मागचं दार, मग बाजू, मग मडगार्ड. लाल-राखाडी पापुद्रे जमिनीवर पडत होते. बोनेटवर चिखल आणि हळदीची धूळ इतकी बसली होती की तो हात दिसतच नव्हता. तो खरवडला की संपलं. मग ही जीप यशोदाबाईंची आहे हे सांगायला जगात काहीच उरणार नव्हतं. आणि मी तर रंग. मला तोंड कुठलं?

पत्री बोनेटच्या कडेला लागली तेव्हा जाहेदा चहा घेऊन आल्या. कप ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी फडक्यानं बोनेट पुसलं. फडकं पुढं गेलं, मागं आलं आणि थांबलं. सगळ्या सुरकुत्यांच्या मधोमध गुळगुळीत पाच बोटं. जाहेदांनी आपला तळवा त्यात ठेवून पाहिला. चार बोटं बसली, करंगळी बसेना.

"अवो, रुको! हात काढा तिथून! ही करंगळी वाकडी हाय!"

"कुणाची?"

"कुणाची म्हून काय इचारता? यशोदाबाईंची!"

खाजा मियांनी पत्री बाजूला ठेवली. त्यांनी वाकून, डोळे अगदी जवळ नेऊन बघितलं, मग बोटांच्या कडेनं बोट फिरवलं. ज्या कडेनं ते दर दसऱ्याला बारीक ब्रश फिरवीत, तीच कड. "हाव," ते म्हणाले.

निरोप गेला. संपतराव आणि यशोदाबाई आले, पाठोपाठ हवालदार नेमसिंग आले. शिवहारचं तोंड उतरलं होतं. "सायेब, मी चोरीची गाडी घेतलेली न्हाई. कागद बघून घेतली."

नेमसिंगांनी नंबरप्लेट पाहिली, इंजिन पाहिलं आणि डोकं खाजवलं. "नंबर दुसराच. इंजिनचा घासलेला. आता गाडी यांची म्हणायची तं कशावरून? लाल जीप होती म्हणता, ही तं राखाडी हाय."

यशोदाबाई बोनेटपाशी आल्या. त्या खूप वाळल्या होत्या. जीप गेल्यापासून त्यांनी गोड सोडलं होतं, चहासुद्धा बिनसाखरेचा. रोजचा हळदीचा हात मात्र चुकला नव्हता. तो त्या लिंबाखाली, जीप उभी राहायची त्या रिकाम्या मातीत उमटवत. जाहेदांनीच हे शिवहारला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

"खाजाभाऊ, थोडी हळद हाय का घरात?" यशोदाबाईंनी विचारलं.

शिवहारनंच जीपमधल्या गोणीतली मूठभर काढून दिली. जाहेदांनी ती वाटीत कालवली. यशोदाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, नागनाथाचं नाव घेतलं आणि हात ठेवला. पाची बोटं आपापल्या घरात जाऊन बसली. वाकडी करंगळीसुद्धा.

मग खाजा मियांनी थिनरमध्ये बोळा भिजवला आणि त्या हातावर हलकेच फिरवला. ज्या लॅकरसाठी मी झुरलो तो बघता बघता विरघळून बोळ्यावर आला, राखेसारखा. त्याच्या खालून मी निघालो. लाल. पाच बोटांचा, पहिल्या दिवसाचा, खाजा मियांनी काडीनं साय काढून ढवळलेला तोच मी. करंगळीच्या खोल फटीत तर पिवळी रेघसुद्धा शिल्लक होती.

नेमसिंगांनी टोपी काढून काखेत धरली. शिवहार पुढं होऊन म्हणाला, "माय, गाडी तुमचीच हाय. घेऊन जा. मला फशिवणाऱ्याला देव बघून घेईल."

यशोदाबाई त्याच्याकडे वळल्या. "लेकरा, तुझं बी नुकसान झालं. अवो, ऐकता का? याची यंदाची सगळी हळद वसमतला आपल्या गाडीतून टाका."

"टाकतो की," संपतराव म्हणाले.

जाहेदांनी गुळाचा खडा आणून यशोदाबाईंच्या तोंडात घातला. "आता तरी गोड खा, माझी माय!"

पंचनामा, कोर्ट वगैरे होऊन जीप घरी आली. पण तिचं अंग अर्धं सोललेलं, अर्धं सुरकुतलेलं. संपतरावांनी ठरवलं, आता चांगलाच रंग मारायचा. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा नवा रंग. खाजा मियांनी मला उरल्यासुरल्या जागेवरूनही पत्र्यापर्यंत खरवडलं. हातावर मात्र त्यांनी कागद कापून चिकटपट्टीनं बोटाबोटाला नीट डकवला. मग अस्तर, मग घासणं, मग नवा रंग. त्यात वेगळ्या बाटलीतलं कडक करणारं औषध मिसळलं, कॉम्प्रेसर सुरू झाला.

त्या दिवशी खाजा मिया बोनेटपुढं खुर्ची टाकून बसले. यशोदाबाई ताम्हन घेऊन आल्या तर म्हणाले, "भाभी, आज इथं माझं राज्य. हात फक्त कागदावर लावायचा!"

"लावते भाऊ कागदावर," त्या म्हणाल्या. हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील!

कागद काढला आणि मला माझा शेजारी दिसला. तोही लाल, मित्रांनो! काळा असता, चंदेरी असता तर सोसलं असतं. पण लाल म्हणजे मी होतो, आता लाल म्हणजे तो. काचेसारखा कडक, पेट्रोलला भीत नाही, उन्हानं भुकटी होत नाही, कुणाच्या सदऱ्याला लागत नाही. माझ्यापेक्षा सगळ्यातच सरस. त्याच्या शेजारी मी जुन्या कौलासारखा दिसतो. माझी जळजळ गेली असं खोटं कशाला सांगू? सूर्य वर आला, तो झळाळू लागला की मी अजूनही डोळे मिटून घेतो.

पण त्याच्याआधी सकाळ असते. पैंजणासारखं ताम्हन वाजतं, हळदीचा वास येतो. यशोदाबाईंचा हात आता म्हातारा झालाय, वाळलाय. माझ्या खळग्यात तो सैल बसतो, कडेनं थोडी जागा उरते. त्या उरलेल्या जागेत हळदीचं पाणी साचतं. त्या हात उचलतात, पदराला पुसतात आणि घरात जाऊन पहिला घोट पाणी पितात. शेजारचा तो गुळगुळीत लाल रंग तेव्हा शेजारीच असतो. त्याच्यावर एक थेंबही सांडू नये म्हणून त्या किती जपतात! पण हात ठेवत नाहीत.

तेव्हा बाळांनो, एवढं करा. गाडी जुनी असो की नवी, तिच्यावर किल्लीनं नावं कोरू नका. चिखल सुकायच्या आत धुवा. जुन्या रंगावर नवा चढवायचा असला तर खाली कोण आहे ते आधी विचारा, त्याला सोसेल तेच लावा. रंग ओला असताना हात लावू नका असं मोठी माणसं सांगतील; त्यांचं ऐका. आणि कळमनुरीला आलात तर लिंबाखालच्या जीपपाशी थोडं थांबा. त्या नव्या लाल रंगात बघून केस सारखे करा, मला राग येईल, पण करा. मग जाता जाता बोनेटवर वाकून बघा. करंगळीच्या फटीत पिवळं दिसलं, तर समजा, आज सकाळीही त्या बाई येऊन गेल्या.